ताईचं नाव

कंपनीत त्याला सगळे मौनी म्हणत. लिफ्ट दुरुस्त करणाऱ्या कंपनीत तो मेकॅनिक होता, आणि लिफ्टचं काम जोडीनं करायचं असतं. एक जण सगळ्यात वर, मोटरच्या खोलीत. दुसरा खाली, लिफ्टच्या डोक्यावर नाहीतर तळाच्या खड्ड्यात. मध्ये दहा-बारा मजल्यांची अंधारी विहीर. वरच्यानं "खाली घेतो" म्हटलं की खालच्यानं "घे" म्हणायचं, आणि ते "घे" कानावर आल्याशिवाय वरच्यानं बटणाला हात लावायचा नाही. मौनी दिवसभरात जे काही बोलायचा ते बहुतेक एवढंच.

त्याचा जोडीदार नेमका उलटा. सकाळी टकळी सुरू झाली की संध्याकाळी हात धुवेपर्यंत बंद नाही. स्वतःची वाक्यं संपली की तो दुसऱ्याची पुरी करायला घ्यायचा. म्हणून त्याचं नाव रेडिओ. कंपनीचे साहेब म्हणायचे, "तुम्हा दोघांना एकत्र ढवळून सारखे वाटे केले, तर दोन बरी माणसं निघतील." पण जोडी अशी जमलेली की अवघड काम आलं की साहेब यांनाच पाठवत.

मी मौनीच्या बायकोबरोबर रक्त तपासणीच्या लॅबमध्ये कामाला होते, शेजारच्याच टेबलावर. ही हकिगत मला तिच्याकडून कळली, थोडीफार पुढे रेडिओकडूनही. मौनीकडून कळायचा प्रश्नच नव्हता. आणि ज्या नावावरून हे सगळं झालं ते मी इथे लिहीत नाही. ते ज्यांचं आहे त्या दोघी आता मोठ्या झाल्यात, आपल्या नावाची चारचौघांत चर्चा व्हावी असं दोघींनाही वाटत नाही. तीन अक्षरी, जरा जुन्या वळणाचं, हल्ली सहसा कानावर न पडणारं नाव आहे, एवढं पुरे.

ते नाव मौनीच्या ताईचं.

मौनी चार वर्षांचा असताना आई गेली. वडील फिरतीच्या नोकरीवर, महिन्यातून दोनदा घरी. ताई तेव्हा पंधरा वर्षांची होती. तिनं शाळा सोडली आणि गणवेश शिवणाऱ्या कारखान्यात काज-बटणाच्या मशीनवर बसली. संध्याकाळी घरी यायची तेव्हा तिच्या बाहीला, केसांना रंगीत दोऱ्यांचे तुकडे चिकटलेले असत. मौनी ते वेचून एका डबीत ठेवायचा.

लहानपणी तो अडखळत बोलायचा. पहिलं अक्षर धरून ठेवायचा, पुढचं येईचना. शाळेतली मुलं हसायची. मास्तर चांगले होते, पण त्यांना घाई असायची, ते त्याचं वाक्य आपणच संपवून पुढे जायचे. ताईनं तसं कधी केलं नाही. ती हातातलं काम थांबवायची आणि वाट बघायची. भाजी करपली तरी चालेल, पण त्याचा शब्द त्यानंच बाहेर काढला पाहिजे, असा तिचा कायदा होता. पुढे त्याचं अडखळणं जवळजवळ गेलं. राहिली ती कमी बोलायची सवय.

ताईनंच त्याला तांत्रिक शाळेत घातलं. नोकरी लागली त्या दिवशी तिनं त्याच्या शर्टाची सगळी बटणं काढून पुन्हा पक्की शिवली. "उंचावर काम करणार तू, बटण तुटायला नको," म्हणाली. बटणाचा आणि उंचीचा काय संबंध ते तिलाच ठाऊक. त्यानंतर दुसऱ्या वर्षी तिला ताप आला, साधाच वाटला, आणि महिन्याभरात सगळं आटोपलं. ती चौतीस वर्षांची होती. तिच्या मागे उरलं काय, तर चार साड्या, ती दोऱ्यांची डबी आणि कारखान्याचं ओळखपत्र. त्या ओळखपत्रावरचा फोटो हाच तिचा एकमेव फोटो.

मौनीनं तेव्हाच मनाशी ठरवलं होतं, की मुलगी झाली तर ताईचं नाव ठेवायचं. लग्नानंतर बायकोला सांगितलं, ती म्हणाली, "मला चालेल. मला आवडतं ते." आणि आणखी एकालाच सांगितलं, ते रेडिओला. एका जुन्या इमारतीत मोटर तापली होती. ती थंड होईपर्यंत दोघं डबा खात बसले होते. रेडिओ मेव्हण्याच्या स्कूटरची गोष्ट सांगत होता. मध्येच घास चावायला तो थांबला, त्या फटीत मौनी म्हणाला, "मला मुलगी झाली तर ताईचं नाव ठेवणार." आणि नाव सांगितलं. रेडिओ म्हणाला, "वा, झकास!" आणि परत स्कूटरवर गेला.

दीड वर्षानं रेडिओला मुलगी झाली. तिच्या जन्मानंतर आठवडाभरानं दोघं एका बारा मजली इमारतीत कामावर होते. मौनी खाली खड्ड्यात, हातात ग्रीसचं फडकं. वरून रेडिओ ओरडला, "अरे, नाव ठरलं!" आणि ताईचं नाव त्या विहिरीतून घुमत खाली आलं. ती गेल्यापासून इतक्या मोठ्यानं ते कुणी उच्चारलंच नव्हतं.

"ऐकलंस का?"

"ऐकलं."

"मलाच सुचलं! बायको म्हणते, कुठून काढलंस? म्हटलं, काय माहीत, सकाळी उठलो तर डोक्यात होतं. कसंय?"

मौनीला कळलं ते कुठून आलं असणार. हेही कळलं, की रेडिओ खोटं बोलत नाहीये. त्याच्या कानात शिरलेलं सगळं कधी ना कधी तोंडातून बाहेर पडायचं, आणि तोवर ते कुणाचं होतं हे तो विसरलेला असायचा.

"छान आहे," मौनी म्हणाला.

"खाली घेतो?"

"घे."

घरी त्यानं बायकोला सांगितलं. ती कणीक मळत होती, तशीच उभी राहिली. "मग तुम्ही काय म्हणालात?"

"छान आहे म्हटलं."

"छान आहे? अहो, तेव्हा तरी बोलायचं! तोंडात मिठाची गुळणी धरली होती का?"

"त्यांचं ठरलंय आता. आणि आपल्याला कुठे आहे अजून."

हे शेवटचं वाक्य तो बोलून गेला आणि विषय तिथेच मिटला. कारण खरंच नव्हतं. पुढे सात वर्षं नव्हतं. डॉक्टर झाले, तपासण्या झाल्या. त्यातल्या कित्येक नळ्यांवर तिच्याच नावाची चिठ्ठी आमच्याच लॅबमध्ये मी चिकटवली. ती निमूट हात पुढे करायची आणि मग आपल्या टेबलावर जाऊन कामाला लागायची.

रेडिओची मुलगी तोवर मोठी होत होती, आणि मौनीला तिचा लळा लागला होता. त्यांच्या गॅलरीत त्यानं तिच्या बाहुलीसाठी लिफ्ट करून दिली होती. दोऱ्याचं रीळ, खोक्याची गाडी, मागे वजनाला नट-बोल्ट, सगळं हिशेबशीर. बाहुली वर जायची, मध्ये अडकायची नाही. फक्त तो तिला नावानं हाक मारायचा नाही. आधी "बाळ" म्हणायचा, पुढे "राणीसरकार". मुलीला त्यात काही वावगं वाटलं नाही. तिच्या आईला मात्र वाटायचं, पण ती कधी बोलली नाही.

मौनी अडतिसाव्या वर्षी बाप झाला. मुलगीच झाली.

दवाखान्यात तिसऱ्या दिवशी रेडिओची बायको बाळाला बघायला आली. पिशवीत हातानं विणलेली टोपडी, स्वतःच्या मुलीचे जपून ठेवलेले कपडे. मौनीच्या बायकोनं मला नंतर सांगितलं, "इतक्या प्रेमानं आल्या होत्या गं त्या." त्या कपड्यांच्या घड्या उशाशी लावता लावता त्यांनी विचारलं, "नाव काय ठरवलंत?"

मौनीची बायको म्हणाली, "ठरलंय केव्हाचं." आणि सांगितलं.

रेडिओच्या बायकोचा हात थांबला. "आमच्याच मुलीचं?" मग हसण्यावारी नेत, पण हसू नसलेल्या आवाजात, "का, बाकीची नावं संपली?"

इथे खरं काय ते सांगून टाकता आलं असतं. पण मौनीनं बायकोला बजावून ठेवलं होतं, की ताईचं मी सांगेन, तू नको. शिवाय टाके दुखत होते, बाळ रडत होतं, आणि तो प्रश्न तिला लागला. ती म्हणाली, "नावावर काय कुणी कुलूप लावलंय का, वहिनी? आमच्याकडे लॅबमध्ये एका नावाच्या दोघी आल्या की आम्ही जन्मतारीख बघतो. चालतात की माणसं."

वहिनी उठल्या. "चालतात खरी," म्हणाल्या आणि गेल्या. कपडे मात्र परत नेले नाहीत.

सोमवारी रेडिओनं कामावर विषय काढला. मोटरच्या खोलीचं कुलूप उघडता उघडताच तो म्हणाला, "हे बघ, राग मानू नको. तू नाव ठेवशील रे, पण लोक आपल्या दोघांना नावं ठेवतील. म्हणतील, एकानं केलं की दुसऱ्यानं कॉपी. बायको घरी दोन दिवस बोलत नाहीये. म्हणते, आपल्या पोरीचं एवढं वेगळं नाव, तेही यांना हवं."

मौनी म्हणाला, "तसं नाही. ता… ते ता…"

कित्येक वर्षांनी त्याची जीभ तशी अडकली. रेडिओ क्षणभरही थांबला नाही. "ताणू नको म्हणतोस ना? मी कुठे ताणतोय! वहिनींचा हट्ट आहे, मला कळतं. बायकांपुढे आपलं काय चालतं? पण तू जरा समजाव."

मौनीनं तोंड मिटलं आणि जिना उतरून खाली गेला. त्या दिवसानंतर रेडिओ बोलायचा बंद झाला. "खाली घेतो", "घे", बस्स. एका इमारतीच्या रखवालदारानं तर विचारलं, "आज बॅटरी उतरली का यांची?" दोन आठवडे असं चाललं. आणि एका सकाळी मौनीनं कामाच्या फळ्यावर पाहिलं, तर त्याच्या नावापुढे दुसऱ्याच माणसाचं नाव होतं. साहेबांनी मान वर न करता सांगितलं, "त्यानं मागून घेतलं. मी विचारलं नाही, तूही सांगू नको." अकरा वर्षांची जोडी खडूच्या एका रेघेनं तुटली.

मौनी घरी आला तो बाळाजवळ बसून राहिला. बाळाचा जन्मदाखल्याचा फॉर्म टेबलावर होता. आईचं नाव, बापाचं नाव, तारीख, वजन, सगळं भरलेलं, मुलीच्या नावाची जागा रिकामी. मुदत जवळ आली होती.

"दुसरं लिहू या," तो म्हणाला.

त्याच्या बायकोनं फॉर्म उचलून ती रिकामी जागा बघितली. मग म्हणाली, "लिहू. माझी ना नाही. पण ते नाव आवडलं म्हणून लिहू. तुम्हाला तोंड उघडायची भीती वाटली म्हणून नको. ताईंना काय वाटलं असतं, ते तुम्हीच ठरवा."

रविवारी सकाळी मौनीनं कपाटातून ओळखपत्र काढलं, शर्टाच्या खिशात ठेवलं आणि रेडिओच्या घरी गेला. चालत वीस मिनिटांचा रस्ता. नंतर रेडिओ सांगायचा, "दार उघडलं तर हा उभा. मला वाटलं, लिफ्ट पडली कुठेतरी!"

वहिनींनी पाणी दिलं. मुलगी जमिनीवर चित्र रंगवत होती. मौनीनं ओळखपत्र टेबलावर ठेवलं. प्लॅस्टिक पिवळं पडलेलं, आत कडेनं चुरगळलेला फोटो, खाली टाइप केलेलं नाव.

"हे… ही मा…"

"अरे, हे तर आपल्या…" रेडिओ सुरू झाला.

"थांबा हो!" वहिनी म्हणाल्या. "बोलू द्या त्यांना."

आणि मौनी बोलला. थांबत, अडखळत, पण बोलला. आईचं, शाळेचं, काज-बटणाच्या मशीनचं, करपलेल्या भाजीचं सांगितलं. ती कशी वाट बघायची ते सांगितलं. मोटर थंड व्हायची वाट बघत डबा खाल्ला तो दिवसही सांगितला, मेव्हण्याच्या स्कूटरसकट. रेडिओ पुढे म्हणायचा, "अकरा वर्षांत बोलला नसेल तेवढा अर्ध्या तासात बोलला. आणि मला मध्ये तोंड घालायला जागा नाही!"

स्कूटरचं ऐकलं तेव्हा रेडिओचा चेहरा उतरला. "किक मारली की हॉर्न वाजायचा ती?" त्यानं विचारलं. मौनीनं मान हलवली. रेडिओ डोकं धरून बसला. "म्हणजे तू मला सांगितलं होतंस. आणि मी सगळ्या गावाला सांगत सुटलो, मला सुचलं म्हणून." मग एकदम उठला. "आम्ही बदलतो. हिचं नाव बदलतो. अजून दुसरीत तर आहे."

मुलगी चित्रावरून मान वर करून म्हणाली, "मी नाही बदलणार."

"नको," मौनी म्हणाला. "तिचं आहे ते. मी मागायला नाही आलो. मला फक्त सांगायचं होतं. तुम्ही नको म्हणालात तर आम्ही दुसरं ठेवू, पण माहीत असून म्हणा."

यावर सगळं गोड व्हायला हवं होतं. पण वहिनींच्या मनात निराळंच होतं. त्या म्हणाल्या, "भावजी, नावाचं जाऊ द्या. सात वर्षं तुम्ही आमच्या मुलीला एकदाही नावानं हाक मारली नाहीत. मला वाटायचं, तुम्हाला मूल नाही, म्हणून आमचं बघवत नाही. तुम्ही खेळणी करून द्यायचात तरी मला धाकधूक व्हायची. माझ्याच मनाची मला लाज वाटायची. एक शब्द बोलला असतात तर सात वर्षं माझ्या मनात हे पाप राहिलं नसतं."

मौनीनं हे कधी हिशेबात धरलंच नव्हतं. त्याचं गप्प बसणं म्हणजे त्याच्या लेखी रेडिओला दिलेली सूट होती, आपण सोसलेली गोष्ट होती. दुसऱ्या कुणाला त्याची झळ लागली असेल हे त्याच्या डोक्यातही आलं नव्हतं. "चुकलं माझं," तो म्हणाला. त्या दोन शब्दांना तो अजिबात अडखळला नाही.

मुलगी तोवर टेबलापाशी आली होती. फोटो निरखून बघत तिनं खालचं नाव अक्षर अक्षर लावून वाचलं. "ही पण तीच?" तिनं विचारलं.

"ही पहिली," मौनी म्हणाला, आणि मग तिला तिच्या नावानं हाक मारून म्हणाला, "तू दुसरी."

"आणि बाळ तिसरं," ती म्हणाली. "पण मग मी मोठी. बाळानं माझं ऐकायचं."

वहिनी हसल्या, पण लगेच आत गेल्या. जाता जाता म्हणाल्या, "लिहा फॉर्मवर. काय लिहायचं ते लिहा." ती परवानगी होती, आनंद नव्हता. दुसऱ्या दिवशी फॉर्मवरची जागा भरली. नोंदणी कार्यालयातल्या कारकुनानं नाव वाचून विचारलं, "आजीचं का?" मौनी म्हणाला, "आत्याचं." मौनीची बायको मला म्हणाली, त्याच्या तोंडून तो शब्द ऐकताना तिला एकदम जाणवलं, की या मुलीला आत्या आहे.

सगळं एका दिवसात सुरळीत झालं असं नाही. वहिनी वर्षभर जरा अंतर ठेवूनच होत्या. मौनीची बायकोही दवाखान्यातल्या बोलण्याबद्दल माफी मागायला गेली, ती चार महिन्यांनी. जोडीही लगेच परत मिळाली नाही. साहेब म्हणाले, "फळा म्हणजे काय पोरांची पाटी आहे, रोज पुसायला?" शेवटी रेडिओच्या नव्या जोडीदारानंच हात जोडले. "साहेब, माझे कान गेले, मला मौनी द्या नाहीतर बदली द्या." तेव्हा साहेबांनी मौनी आणि रेडिओला परत एकत्र लावलं. रेडिओ एक गोष्ट मात्र शिकला होता. मौनीनं तोंड उघडलं की तो थांबायचा. फार कष्ट पडायचे त्याला, ओठ हलायचे, पण थांबायचा.

एकाच नावाचा घोळ व्हायचा तो झालाच. दोन्ही घरं एकत्र जमली की कुणी हाक मारली तर दोघी "ओ" द्यायच्या, नाहीतर काम असेल तर दोघीही द्यायच्या नाहीत. पुढे हाका थोरली आणि धाकटी अशा पडल्या. थोरलीची जपून ठेवलेली पुस्तकं धाकटीकडे जायला लागली, तेव्हा पहिल्या पानावरचं आडनाव तेवढं खोडावं लागायचं. आता थोरली कॉलेजात आहे. मध्यंतरी ती आमच्या लॅबमध्ये रक्त द्यायला आली होती. चिठ्ठी लिहिताना मी नाव विचारलं नाही, जन्मतारीख विचारली. ती म्हणाली, "काकूंनी शिकवलं वाटतं तुम्हाला?" आणि बाही वर करून शांतपणे बसली. आत मौनीची बायको दुसऱ्या कुणाच्या तरी नळ्या लावत होती. तिनं काचेतून बघितलं आणि दार जरा उघडून सांगितलं, की जाताना घरी जेवून जा, धाकटीची परीक्षा आहे, जरा तिचा अभ्यास घे.